घेण्याची पेटी

"धाकटं शेट, ह्या तिघांतला खरा कुठला तेवढं सांगा. बाकीचं माझं मी बगतो."

होडगे हवालदारांनी पिशवीतून तीन काटे काढून आमच्या पेढीच्या काचेवर ओळीनं मांडले आणि दोन पावलं मागं सरून उभे राहिले. पलटणीतून परत येऊन सहा वर्षं झाली होती, तरी हा माणूस कुठं टेकून उभा राहत नसे, की बाकावर बसत नसे. बसायचं काम त्यांच्या बायकोचं, सगुणाकाकींचं. त्या दाराजवळच्या बाकावर उजवा पाय लांब करून बसल्या होत्या. आदल्या वर्षी भुईमुगाच्या शेतात रानडुकरानं त्यांची मांडी फाडली होती, तेव्हापासून तो पाय दुमडत नव्हता.

साल सत्त्याऐंशी. आजऱ्याचा शुक्रवारचा बाजार होता, पण पितृपक्ष चालू असल्यानं सोनं घ्यायला कोणी फिरकत नव्हतं. कोपऱ्यात दोन म्हाताऱ्या चांदीची जोडवी वाढवून घ्यायला बसल्या होत्या, तेवढंच गिऱ्हाईक. आप्पा, म्हणजे माझे वडील, गादीवर लोडाला टेकून पेपर वाचत होते.

"काय तोलायचंय, हवालदार?" मी विचारलं.

"दारू."

"मग वाट चुकलात. ती स्टँडच्या मागं मिळते, आणि तिथं ग्लासानं मोजतात."

सगुणाकाकी पदरात हसल्या. हवालदार हसले नाहीत. "बंदुकीची," ते म्हणाले.

डुकरं हाकायला त्यांच्याकडे परवान्याची बंदूक होती. परवान्यावर वर्षाला मोजकीच काडतुसं मिळत, म्हणून उडवलेल्या काडतुसांची रिकामी टरफलं जपून ठेवून ते घरीच पुन्हा भरत. तशी मुभा कागदात होती की नव्हती हे मी विचारलं नाही. वाकवाडीत कोणीच विचारत नसे, कारण डुकरं सगळ्यांचीच पिकं खात होती. आणि हवालदारांची पलटणीतली बावीस वर्षं हत्यारखान्यात गेली होती. बंदुकीच्या बाबतीत त्यांना शहाणपण शिकवणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता.

"आजवर काळी दारू भरायचो, मापानं," ते सांगू लागले. "पितळंचं टोपण भरायचं, वरनं बोट फिरवायचं, झालं काम. गेल्या साली दारूला ओल लागली. बार निघाला पर जोर न्हवता. डुकराला लागलं, आणि ते उलटून आलं. ही पुढं हुती." बायकोकडे न बघता त्यांनी हातानंच दाखवलं. "आता निराळी दारू मिळालीया. धूर न्हाई, जोर तिप्पट. पर हिला माप चालत न्हाई, तोलूनच घालाय लागती. कमी पडली तर डुक्कर उलटतंय. जास्त पडली तर नळी फाटती. आणि जास्त म्हंजे किती म्हंता? तुमची एक गुंज."

गुंज म्हणजे ती लाल बी, काळ्या डोळ्याची. ग्रॅम येऊन पंचवीस वर्षं झाली तरी आमच्या पेढीवर तोळा, मासा आणि गुंज हीच भाषा चाले. गुंजेच्या खाली सोनार सहसा उतरत नाही.

मी पंखा बंद केला आणि एकेक काटा हातात घेतला.

पहिला टपालाची पाकिटं तोलायचा, स्प्रिंगचा. त्याच्यावर एक गुंज टाकली, दुसरी टाकली. सहाव्या गुंजेला साहेब जागे झाले. दुसरा कुठल्या तरी जुन्या बाजारातला. तो रिकामाच तीनदा सोडला आणि तीनदा वेगळ्या जागी थांबला. तिसरा एका वारलेल्या डॉक्टरांच्या घरातून आणलेला, पुड्या बांधायचा. तो चपळ होता. त्यानं एक गुंज लगेच दाखवली, तेव्हा हवालदारांचा चेहरा उजळला. मी दोन्हीकडे वजन घालून तो मध्यावर आणला आणि मग इकडचं तिकडे, तिकडचं इकडे केलं. दांडी एका बाजूला झुकली.

"ही बघा ह्याची लबाडी. एक हात लांब आहे. खोटा काटा ओळखायचा तर पारड्यांची अदलाबदल करायची. लगेच बोलतो."

"तिन्ही गेलं म्हना की."

"भंगारात घाला."

हवालदारांनी तिन्ही काटे निमूटपणे पिशवीत भरले. मग मान लांब करून त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथं काचेच्या पेटीत आमचा दुसरा काटा टांगलेला असे. पेढीवर दोन काटे होते. बाहेरच्या काट्यावर आम्ही सोनं विकत असू, आतल्यावर लोकांची मोड, म्हणजे मोडीत निघालेलं जुनं सोनं, घेत असू.

"आणि त्यो?"

मी आतला काटा आणून त्यांच्यासमोर टांगला. गुंज टाकली, मध्याची सुई सरकली. कातरीनं कापून अर्धी गुंज टाकली, तरी सरकली. अदलाबदल केली, सुई जागची हलली नाही. माझ्या आजोबांचा काटा होता तो, आणि आजही सांगतो, तसा खरा काटा मी पुन्हा पाहिला नाही.

"ह्योच," हवालदार श्वास सोडत म्हणाले. "ह्योच द्या मला. काय असंल ती किंमत घ्या."

"तो विकायचा नाही, हवालदार."

"शेट, विहिरीच्या वक्ताला हिची बोरमाळ ह्याच काट्यावर मोजलीसा. मी समोर हुतो. पारडं सावकाश आलं आणि मदोमद उभं ऱ्हायलं. तवाच मी हिला म्हटलं, आजऱ्यात दुसरं काय खरं नसलं तरी पोतदाराचा काटा खरा हाय. काय गं, म्हटलं हुतं का न्हाई?"

सगुणाकाकी पारड्यांकडे बघत होत्या.

आप्पांनी पेपरची घडी घातली. "दे की त्याला," ते म्हणाले. "विकायचा नाही, वापरायला दे. सुगी झाली की आणून देईल. घरचाच माणूस आहे." आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी स्वतः उठून आतल्या फळीवरची वजनांची पेटी आणली आणि हवालदारांच्या हातात ठेवली. "ही पण ने. नुसत्या काट्यानं काय तोलणार?"

त्या पेटीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आमच्याकडे काटे दोन, तशा वजनांच्या पेट्याही दोन. बाहेरची देण्याची पेटी, आतली घेण्याची. एकोणिसाव्या वर्षी आप्पांनी मला पहिल्यांदा आतल्या काट्यावर बसवलं, तेव्हा चार दिवसांतच माझ्या लक्षात आलं की दोन पेट्यांतलं ग्रॅमचं वजन सारखं नाही. आतलं आप्पांनी स्वतः ओतलेलं होतं. दिसायला हुबेहूब, पण गुंजभर जड. मोठ्या वजनात खोट केली तर तपासनीस पकडतो. इवल्याशा ग्रॅमच्या वजनाकडे कोण बघणार? ते जड असल्यानं समोरच्या पारड्यात तेवढं सोनं जास्त पडावं लागे, म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाचं सोनं गुंजभर कमी भरे. मी आप्पांना विचारलं. ते म्हणाले, "बाहेरची पेटी बाहेर, आतली आत. मिसळू नको." एवढंच. त्यानंतर त्या विषयावर आमच्या घरात कधी बोलणं झालं नाही, आणि मी त्या वजनानं नऊ वर्षं लोकांची मोड तोलली.

सोन्यात जी गुंज आमच्या पदरात पडायची, तीच आता हवालदारांच्या प्रत्येक काडतुसात जास्त पडणार होती.

"आप्पा," मी म्हणालो, "बाहेरची पेटी दिली तर?"

"बाहेरच्या पेटीवर सरकारी शिक्का आहे. ती पेढीवरून हलवता येत नाही." आप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला लहानपणापासून ठाऊक होती.

पितृपक्षात त्या शिक्क्याच्या पेटीला आठ दिवस हात लागणार नव्हता. तीच दिली असती तर कोणाचं काही अडलं नसतं. किंवा मी एवढंच म्हणायचं होतं की ह्यातलं ग्रॅमचं वजन जड आहे, ते घेऊ नका. पण तसं म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न बोरमाळेचा होता. बोरमाळ विकलेली बाई दाराशी बसली होती, आणि जोडवीवाल्या म्हाताऱ्या कान टवकारून होत्या. मी भ्यालो. त्या भीतीला मी बापाची अब्रू असं नाव दिलं, म्हणजे ती जरा बरी दिसली.

हवालदारांनी काटा आणि पेटी धोतराच्या मऊ फडक्यात गुंडाळून, तान्हं मूल न्यावं तशी छातीशी धरून नेली.

ती माणसं गेल्यावर मी आप्पांना म्हणालो, "बंदुकीची दारू आहे, आप्पा. फाटेल म्हणतात."

"दारूला काय गुंजेचा भाव असतो?" आप्पा म्हणाले. "चिमूटभर इकडं, चिमूटभर तिकडं. फौजी माणूस, त्याला सगळ्यात कवायत करायची सवय. तू कशाला बाऊ करतोस?"

आप्पांना ते खरंच तसं वाटत होतं. पन्नास वर्षं त्यांनी गुंज फक्त सोन्यात पाहिली होती. सोन्याबाहेर तिला काही वजन असेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. हे मी त्यांच्या बाजूनं सांगतो. माझ्या बाजूनं सांगण्यासारखं काही नाही.

सोमवारी पेढी बंद असायची. मी जुन्या वजनांतून ग्रॅमचं एक खरं वजन शोधलं, बाहेरच्या पेटीशी ताडून पाहिलं, कागदात बांधून सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि सकाळच्या एसटीनं वाकवाडीला गेलो. डोक्यातला बेत साधा होता. काटा नीट बसवून देतो म्हणायचं, वजन बदलायचं, चहा प्यायचा, दुपारच्या गाडीनं परत यायचं. कोणाला काही कळणार नव्हतं.

हवालदार मला बघून हरखले. "या या, डाक्टर आलं काट्याचं!" म्हणत त्यांनी मला माजघरामागच्या खोलीत नेलं. खिडकीला वारा लागू नये म्हणून पोतं लावलं होतं. टेबल हलू नये म्हणून पायांखाली खापऱ्या सारल्या होत्या. खोलीत चपला घालून यायची बंदी होती, आणि सगुणाकाकींना तीन दिवस तिथं झाडूही मारू दिला नव्हता.

"धुरळा बसतोय पारड्यात," हवालदार म्हणाले.

"मला न्हाई कधी एवढं जपलं," सगुणाकाकी दारातून म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

टेबलावर दहा काडतुसं उभी होती. प्रत्येकावर पेन्सिलीनं आकडा घातलेला.

"भरलीतसुद्धा?" मी विचारलं.

"दहाच्या दहा. एकेक दोनदोनदा तोललंय. दारू टाकताना श्वास बी घेत न्हवतो. थांबा, हात धुऊन आलो."

ते परसात गेले. मी पेटी उघडली, आप्पांनी ओतलेलं वजन उचललं, खरं वजन त्याच्या खाचेत ठेवलं, पेटी मिटली. जड वजन माझ्या खिशात गेलं. सगळं मिळून दहा आकडे मोजायच्या आत झालं. पण ती दहा काडतुसं तिथंच उभी होती, आणि ती काही माझ्या खिशात मावणारी नव्हती.

ते आले तेव्हा मी म्हणालो, "हवालदार, ही फोडा आणि पुन्हा भरा. काटा प्रवासात हलला असेल. मी आज नीट बसवून देतो, मग भरा."

"हलला असता तर कळलं नसतं व्हय?" ते म्हणाले. "घरी आल्या आल्या तुम्ही दावल्यागत केलं. गुंज टाकून बघितली. पारडी अदलाबदल करून बघितली. काट्यात खोट न्हाई, शेट."

"तरीपण."

"आणि वजनं तर तुमच्याच पेढीवरची. मग खोट ऱ्हाती कुठं?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. ते माझ्या खिशात होतं. मी चहाचा कप तोंडाला लावला.

चहा झाल्यावर त्यांनी बंदूक आणि दोन काडतुसं घेतली. "चला, बार ऐकून जावा. तुमच्या काट्याचं काम हाय, तुमच्यासमोरच हुंदे." मी गाडीचं निमित्त केलं. ते म्हणाले, गाडीला तास आहे.

घरामागं उतारावर भुईमुगाचा तुकडा होता. निम्मा डुकरांनी उकरला होता. पलीकडच्या बांधावर त्यांनी गोडेतेलाचा रिकामा डबा ठेवला, मला आणि सगुणाकाकींना आंब्याच्या बुंध्याआड उभं केलं आणि पहिला बार काढला. डबा उडून बांधापलीकडे गेला. आवाज डोंगरावर आपटून परत आला.

"जोर बगितलासा?" त्यांनी खांदा चोळला. "धक्का जरा जास्तीच बसला. नवी दारू, बसायचाच."

सगुणाकाकी टाळ्या वाजवत होत्या. मी पाहिलं, हवालदार नळी उघडून तिच्यात डोकावले, जळकं टरफल बोटानं काढून खिशात टाकलं आणि दुसरं काडतूस हातात घेतलं. त्यांची घाई नव्हती. मला वेळ होता. एक बिडी ओढून होईल एवढा वेळ होता, आणि तो सगळा मी पायाखालच्या मातीकडे बघत घालवला.

"हवालदार," मी हाक मारली.

"काय, शेट?"

"काही नाही. कान झाकून घेतो."

ते हसले आणि त्यांनी बंदूक खांद्याला लावली.

दुसऱ्या बाराचा आवाज पहिल्यासारखा नव्हता. तो डोंगरावरून परत आला नाही, तिथंच फुटला. धूर नसलेली दारू, त्यामुळं सगळं स्वच्छ दिसलं. हवालदार गुडघ्यावर बसले होते आणि डाव्या हाताकडे बघत होते, कारण तिथं हात असावा तसा नव्हता. मग त्यांनी मान वर केली तेव्हा डाव्या डोळ्याच्या जागी रक्त होतं. ते ओरडले नाहीत. "सगुणा," ते म्हणाले, "पुढं येऊ नको. अजून गरम आसंल."

सगुणाकाकी तो न दुमडणारा पाय ओढत धावल्या. मी त्यांच्या मागं गेलो.

जीपनं गडहिंग्लजला नेलं, तिथून मिरजेला. डाव्या हाताची तीन बोटं गेली, डोळा गेला. जीव वाचला. गावात सगळे म्हणाले, नशीब.

पंचनामा झाला. फौजदारांनी काटा आणि वजनांची पेटी तपासायला पाठवली. उरलेली आठ काडतुसंही जाणकार माणसाकडून फोडून तोलून घेतली. मी पेढीवर बसून रोज वाट बघत होतो, की आज कोणीतरी येईल आणि मला विचारील. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मला त्या वेळी वाटायचं. कोणी आलं नाही, कारण विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. अहवाल आला: काटा बिनचूक, वजनं बिनचूक. आठही काडतुसांत दारू प्रमाणापेक्षा जास्त. भरणाऱ्याची चूक.

बंदूक जप्त झाली, परवाना रद्द झाला. बाजारात लोक बोलू लागले. पलटणीत बावीस वर्षं म्हणे हत्यारं सांभाळली आणि घरी काडतूस भरता आलं नाही.

मी वजन बदलल्याचं आप्पांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "तपासायला न्यायच्या आधीच बदललंस?"

"हो."

"बरं केलंस."

मी हवालदारांना वाचवायला वजन बदललं होतं आणि वाचलो आम्ही. हे मला त्या दिवशी आप्पांच्या तोंडून कळलं. खंडेनवमीला त्यांनी नेहमीसारखी हत्यारांची पूजा मांडली. कानशी, चिमटे, भाता, बाहेरचा काटा, बाहेरची पेटी. आतल्या पेटीची जागा रिकामी होती, तिथंही त्यांनी सवयीनं फूल ठेवलं. त्यानंतर त्यांनी मोड घेणं बंद केलं. का, ते बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही. आमच्या घरात ते वळणच नव्हतं.

दिवाळीनंतर मी वाकवाडीला गेलो. जायचं नव्हतं, पण हवालदारांनी निरोप धाडला होता: काटा परत मिळालाय, येऊन घेऊन जावा, आणि एक विचारायचंय.

ते सोप्यात बाजेवर बसले होते. मी त्यांना बसलेलं पहिल्यांदाच पाहत होतो. डाव्या हाताला फडकं गुंडाळलं होतं. काटा आणि पेटी त्याच धोतराच्या फडक्यात बांधून शेजारी ठेवली होती.

"शेट, तुमचा काटा खरा निघाला," ते म्हणाले. "मला ठावंच हुतं. सायबानं विचारलं तवा मी सांगितलं, काट्याला नावं ठेवू नका."

मी खाली बघितलं.

"आता एक सांगा. तुम्हाला तोलण्यातलं कळतं, म्हणून विचारतो. आठ काडतुसं फोडली. आठांत सारखीच दारू जास्त. एकात कमी, एकात जास्त असं न्हाई. आठच्या आठांत नेमकी गुंजभर. म्हंजे माझा हात हालला न्हाई, खरं का न्हाई? हात हालला असता तर कमीजास्त झालं असतं."

"खरं आहे."

"मग चुकलं काय? रोज रात्री डोळ्यापुढं आणतो. वजन उचललं, पारड्यात ठेवलं, दारू टाकली, सुई मदोमद आली. दोनदा बघितलं. दहा काडतुसं म्हंजे वीस येळा बघितलं. वीस येळा माणूस एकच चूक करतोय?" त्यांनी उरलेला डोळा माझ्यावर रोखला. "तुम्ही सांगाल ते मी मानीन. माझं काय चुकलं?"

खिशात ते वजन होतं. त्या दिवसापासून ते मी कुठं ठेवू शकलो नव्हतो. सदरा बदलला की तेही नव्या खिशात जायचं. मी हात खिशात घातला. वजन बोटांना लागलं. ते काढून बाजेवर ठेवायचं होतं, बस्स, बोलायची गरजही नव्हती. सगुणाकाकी दारात उभ्या होत्या.

"नजर चुकली असेल," मी म्हणालो. "सुई मध्यावर आली असं वाटलं असेल."

हवालदारांनी मान हलवली. "वय झालं म्हंजे. मला बी तसंच वाटत हुतं. चला, तुम्ही सांगितलासा, आता डोक्यातनं जाईल." आणि थोड्या वेळानं, "मग गेला त्यो डोळा चुकारच हुता म्हनायचा." ते हसले. मला हसता आलं नाही.

निघालो तेव्हा सगुणाकाकी गाडीपर्यंत सोडायला आल्या. मी नको म्हणालो तरी आल्या. पेटी त्यांनीच धरली होती. पाय ओढत त्या माझ्या बाजूनं चालत होत्या. फाट्यावर आल्यावर त्यांनी गाठोडं माझ्या हातात दिलं, पण सोडलं नाही. दोघांचेही हात त्या फडक्यावर होते.

"शेट, माझ्या बानं बोरमाळ करून घातली, तवा संकेश्वरच्या सोनारानं चिठ्ठी दिलती," त्या म्हणाल्या. "ती माझ्यापाशी हाय अजून. तुमच्याकडं तोलली तवा कमी भरली. मी तुम्हाला म्हटलं बी हुतं. तुम्ही म्हणालासा, झीज झालीया, काकी."

मला आठवत होतं. ते शब्द मी रोज दहा जणांना म्हणत असे.

"किती कमी भरली हुती, ठावं हाय?"

मी रस्त्याकडे पाहिलं.

"गुंजभर."

रस्त्यावर धुरळा दिसू लागला, गाडी येत होती. सगुणाकाकींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना जे बघायचं होतं ते दिसलं असावं, कारण त्यांनी गाठोडं सोडलं.

"एका गुंजंसाठी कुठं तोंड वाजवायचं म्हणून मी तवा गप बसले," त्या म्हणाल्या. "बोलले असते तर ह्यांनी तुमच्या दारात काटा मागाय पाऊल टाकलं नसतं. हात आज जागच्या जागी असता."

"काकी, मी आत्ता येतो. मी त्यांना सांगतो."

"न्हाई." त्यांनी माझी वाट अडवली नाही, नुसता हात वर केला. "आता न्हाई. विचारलं तवा सांगायचं हुतं. आता तुमच्या बोलण्यानं ह्यांना झोप लागंल आज. तेवढी तरी लागू द्या. पर तुम्हाला ठावं असू द्या, की मला ठावं हाय."

गाडी थांबली. मी चढलो आणि गाठोडं मांडीवर घेऊन बसलो. काचेतून मागं पाहिलं तर सगुणाकाकी घराच्या वाटेला लागल्या होत्या.

"काय हाय त्यात?" कंडक्टरनं विचारलं. "तिकीट पडंल सामानाचं."

"काटा आहे," मी म्हणालो.

"जड हाय का?"

मी म्हणालो, "नाही," आणि तो पुढच्या माणसाकडे गेला.